सही आमची, निर्णयही आमचाच: लकडगंजच्या कामकरी बायांचा जाहीरनामा

नागपूरच्या लकडगंजात कितीतरी फर्म बायकांच्या नावावर आहेत. जीएसटीच्या नोंदणीत सुनेचं नाव, भागीदारीपत्रात आईचं नाव, बँकेच्या कर्जावर जामीनदार म्हणून बायकोची सही. आणि गिऱ्हाईक वखारीच्या दारात आलं की विचारतं, "भाऊ कुठे गेले?" आत खुर्चीवर बसलेल्या बाईला दर माहीत असतो, माल माहीत असतो, कोणाची उधारी किती महिन्यांची आहे तेही तोंडपाठ असतं. तरी गिऱ्हाईक भाऊ येईपर्यंत थांबतं. ती बाईसुद्धा त्याला थांबू देते, चहा मागवते. ही सवय मोडण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत.

आम्ही म्हणजे लाकूडबाजारातल्या, प्लायवूड-हार्डवेअरच्या दुकानांतल्या, ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्यांतल्या, स्मॉल फॅक्टरी एरियातल्या, सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या बँका-दवाखान्यांतल्या बाया. काही मालकीणबाई आहेत, काही मुनीम, काही परिचारिका, काही आरा मशीनखालचा भुसा पोत्यांत भरणाऱ्या. आमचं म्हणणं एवढंच आहे: जिची सही लागते, तिचा निर्णय लागला पाहिजे. पैसा कुठे गुंतवायचा, माणूस कोणता ठेवायचा, भाव कुठे तोडायचा, हे ठरवण्याचा अधिकार ज्या पदाला नाही त्याला आम्ही नेतृत्व मानत नाही, मग त्या पदाची पाटी कितीही मोठी असो.

हे नागपुरात पहिल्यांदाच बोललं जातं आहे असं कोणी समजू नये. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब आंबेडकर हजर होते, समोर हजारो बाया होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला बंदी मागितली. गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठी हक्काची रजा, दुखापतीची भरपाई, म्हातारपणी पेन्शन मागितली. आणि आणखी एक ठराव केला, जो आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो: गिरण्यांत बायांच्या कामावर देखरेख करायला बायाच नेमाव्यात. ज्या शहरात एम्प्रेस मिल १८७७ पासून चालत होती, त्या शहरात हा ठराव झाला. गिरणीत काम देणारा मुकादम पुरुष, कामावरून काढणाराही तोच. त्याच्या हातातली सत्ता काय असते हे त्या बाया रोज भोगत होत्या, म्हणून त्यांनी थेट त्या जागेवरच हक्क सांगितला. शिक्षणाची मागणी त्यांनी केलीच, पण शिक्षण पुरं होईपर्यंत पदासाठी थांबायला त्या तयार नव्हत्या.

बाईने अधिकारपदावर जावं हा इंग्रजी शाळेतून आलेला, काचेच्या इमारतींचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या ठरावाकडे पाहावं. तो कामगार बायांनी केला होता. म्हणून या चळवळीत मालकीणबाई आणि भुसा भरणारी बाई एकाच सतरंजीवर बसतील. मालकीणबाईने स्वतःसाठी सहीचा हक्क मागायचा आणि स्वतःच्या वखारीत बायांवर मात्र पुरुष मुकादमच ठेवायचा, हे आम्ही चालू देणार नाही.

आता आमच्या मुलींशी बोलतो. मुलींनो, पैसा जिथे कमावला जातो तिथलं काम मागून घ्या. ऑफिसात बाईच्या वाट्याला काय येतं? बिलं, फोन, हजेरी, दिवाळीची पाकिटं, दसऱ्याच्या पूजेची तयारी. ही कामं हलकी नाहीत, पण ती कितीही वर्षं चोख केली तरी त्यांतून मॅनेजर घडत नाही. लाकडाच्या धंद्यात माणूस घडतो खरेदीत आणि वसुलीत. सागाच्या गोल लाकडाची गोलाई आणि लांबी मोजून घनफूट काढणं, गाठ, तडा, पोकळी ओळखणं, एका ओंडक्यातून चिराण किती निघेल आणि भुसा किती होईल याचा अंदाज बांधणं, वन खात्याच्या डेपोच्या लिलावात कोणत्या बोलीवर थांबायचं ते ठरवणं, वाहतुकीचा परवाना तपासणं. हे आईच्या पोटातून कोणी शिकून येत नाही. मालकाचा मुलगा कॉलेज सुटल्यावर वडिलांच्या मागे उभा राहून शिकतो. तुम्हीही उभ्या राहा. लिलाव आता ऑनलाइनही होतात, त्यामुळे बाईने डेपोवर कसं जायचं ही सबब तशी उरलेली नाही. तरीही डेपोवर जाच, कारण पोकळी फोटोत दिसत नाही.

बँकेत असाल तर कर्जाचं टेबल मागा, ट्रान्सपोर्टमध्ये असाल तर भाडं ठरवण्याचं काम मागा, दवाखान्यात असाल तर खरेदीच्या बैठकीत खुर्ची मागा. आणि मागाल ते लेखी मागा. तोंडी दिलेली जबाबदारी मालकाची मर्जी फिरली की तोंडीच जाते. पगारवाढ मागतानाही तसंच. मी किती प्रामाणिकपणे काम करते हे सांगत बसू नका. वर्षभरात किती थकबाकी वसूल केली, किती माल वाया जाण्यापासून वाचवला, तो आकडा कागदावर पुढे ठेवा. प्रामाणिकपणाचं कौतुक होतं, आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

कागदाबद्दल आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण इथे बायांचं सर्वांत मोठं नुकसान कागदावरच झालं आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याने प्रत्येक भागीदाराला फर्मची वही पाहण्याचा, तपासण्याचा, तिची नक्कल घेण्याचा हक्क दिला आहे. तुमचं नाव भागीदारीपत्रात असेल तर तो हक्क तुमचाही आहे, त्यासाठी घरात कोणाची परवानगी लागत नाही. त्याच कायद्याने फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदाराला एकत्र आणि एकटंही जबाबदार धरलं आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असं करार कायदा सांगतो. म्हणजे फर्म बुडाली तर नोटीस तुमच्या नावावर येते, दागिने तुमचे जातात, आणि ज्या सौद्यामुळे ती बुडाली तो सौदा झाला तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होता. जोखीम पुरी आणि अधिकार शून्य, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. न वाचता कोणत्याही कागदावर सही करायची नाही. बँकेचा माणूस घाई करत असला, सासरे समोर बसले असले, तरी "बाबा, वाचून उद्या देते" एवढं म्हणायला शिका. हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो. दुसऱ्यांदा पडत नाही.

वारशाचंही तसंच. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, केंद्राने २००५ मध्ये. केंद्राच्या या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी आमच्या पेठेत वखार मुलाकडे आणि मुलीकडे लग्नाचा खर्च, हीच रीत आहे. खुर्ची वारशाने मिळाली म्हणून कोणी बाईला हिणवलं तर त्याला विचारा, त्याची कशी मिळाली. पुण्याच्या थरमॅक्सचं अध्यक्षपद १९९६ मध्ये पती रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर अनु आगा यांच्याकडे आलं. त्याआधी त्या तिथेच मनुष्यबळ विभाग पाहत होत्या. पुढे कंपनी तोट्यात गेली, शेअर कोसळला. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळाची फेररचना केली, कंपनी सावरली आणि २००४ मध्ये अध्यक्षपद मुलीला, मेहेर पदमजी यांना दिलं. आम्हाला यातली सल्ला विचारण्याची हिंमत मोठी वाटते. बाई मालक झाली की आपल्याला सगळं येतं हे दाखवण्याचं दडपण तिच्यावर असतं. ते झुगारा, जाणत्या माणसाला विचारा, आणि निर्णय स्वतः घ्या.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच असते. बऱ्याच ठिकाणी एवढंच एक अध्यक्षपद बाईला मिळतं आणि तेही फायलीत राहतं. ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी ते पुरं वापरावं: साक्षीदाराला बोलावता येतं, कागद मागवता येतात, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानातल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्यापर्यंत तक्रार नेण्यात आम्ही सोबत जाऊ.

मालकांकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. बायांसाठी कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बाईकडून पुढारीपणाची अपेक्षा करू नये. डिसेंबर २०२२ पासून टेलिफोन एक्स्चेंज आणि आंबेडकर चौकापर्यंत मेट्रो आली आहे, पण स्टेशनपासून वखारीपर्यंतच्या गल्लीत उजेड हवा, म्हणजे संध्याकाळच्या हिशेबाला बाईला थांबता येईल. तो उजेड महापालिकेच्या लकडगंज झोनकडून आपण मिळून मागू. जिचं नाव भागीदारीपत्रात आहे तिला बँकेच्या खात्यावर सहीचा अधिकार आणि महिन्याच्या हिशेबाच्या बैठकीत जागा. बायांच्या टोळीवर बाई मुकादम, आणि तिला पुरुष मुकादमाइतकीच मजुरी.

वर पोचलेल्या बायांकडेही मागणं आहे. आपण सोसलं म्हणून पुढचीनेही सोसावं, हा न्याय सोडा. तुमच्या हाताखालच्या एका मुलीला लिलावाला घेऊन जा, व्यापाऱ्यापुढे तिची ओळख नावाने आणि कामाने करून द्या, ती नसलेल्या बैठकीत तिचं नाव सुचवा.

सभासद व्हायला फी नाही. येताना आपलं भागीदारीपत्र किंवा नेमणूकपत्र घेऊन या. भुसा भरणाऱ्या, हमाली करणाऱ्या बायांकडे असा कागद नसणार, त्यांनी तशाच यावं. तो कागद मालकाकडे मागण्याचा अर्ज पहिल्याच बैठकीत सगळ्या मिळून लिहू आणि खाली सगळ्यांच्या सह्या करू.