बक्षीसपत्रावर सही करण्याआधी

घर, शेत किंवा फ्लॅट मुलाबाळांच्या नावावर करून देण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाला, आणि त्यांच्यासोबत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाणाऱ्या प्रत्येकाला आमची कळकळीची विनंती आहे: दस्तात एक अट घातल्याशिवाय सही करू नका. मिळकत घेणाऱ्याने देणाऱ्याचा हयातभर सांभाळ करायचा, जेवणखाण, निवारा आणि औषधपाणी पुरवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याचं कलम २३ या अटीवर उभं आहे. अट असूनही सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाखाली झाला असं मानून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. अट नसेल तर काय होतं? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका आईने मुलींच्या नावे केलेलं हक्कसोडपत्र कायम राहिलं, कारण अशी अट होती हे कुठे मांडलेलंच नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. तिथे मुलाने सांभाळाची हमी दिल्याचं वेगळं वचनपत्र पुढे आलं होतं, आणि न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने लावला. पण म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून अर्थ लावून घेण्यापेक्षा दोन ओळी आधीच लिहिलेल्या बऱ्या. दस्तलेखकांनो, ‘प्रेमापोटी व राजीखुशीने’ हा ठरीव मजकूर टाइप करताना या दोन ओळी तुम्हीच सुचवा. मुलांनीही त्यात अविश्वास पाहू नये. ज्याला सांभाळायचंच आहे, त्याचं या अटीने काहीच बिघडत नाही.

ज्यांची सही आधीच होऊन गेली आहे, किंवा ज्यांच्याकडे नावावर करून द्यायला काहीच नाही, त्यांच्यासाठीही या कायद्यात निर्वाहभत्त्याची सोय आहे. मूल नसेल, तर ज्या नातेवाइकाकडे मिळकत जाणार आहे त्याच्याकडे तो मागता येतो. तरी माणसं अर्ज करत नाहीत. घरची अब्रू चव्हाट्यावर येईल म्हणून उपाशी राहणारी आई आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत असू शकते. तिच्या दाराशी जाऊन विचारपूस करणं हे शेजाऱ्यांचं काम आहे, आणि तिची तयारी असेल तर सोबत जाणंही.

एप्रिल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ज्येष्ठांच्या हक्कांसाठी बंधनकारक कराराचा मसुदा करायला कार्यगट नेमायचं ठरवलं. स्त्रियांसाठी १९७९ मध्ये, बालकांसाठी १९८९ मध्ये, अपंगांसाठी २००६ मध्ये असे करार झाले. म्हाताऱ्या माणसांची पाळी आत्ता आली. तो करार होईल तेव्हा होवो. आपल्या हातातला कायदा आज वापरता येतो.

त्यासाठी तुमच्या उपविभागाच्या प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. निर्वाह न्यायाधिकरण तिथेच असतं. साध्या कागदावर हकिगत लिहा. वयाचा पुरावा आणि दस्त झाला असेल तर त्याची नक्कल जोडा. ज्यांना स्वतः जाणं जमत नाही, त्यांच्या वतीने त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर १४५६७ या मोफत ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत फोन करा.