कॅमेरा पाळण्यावर, नजर आयेवर

बंगळूरच्या व्हाइटफील्ड-बेळंदूरकडील उंच इमारतींतून आयेवर कॅमेऱ्याची नजर ठेवणे हे आता दक्ष पालकत्वाचे लक्षण समजले जाऊ लागले आहे. 'मूल आमचे, घर आमचे, मग कॅमेरा का नको?' असा बिनतोड वाटणारा सवाल केला जातो. तान्हे मूल बोलू शकत नाही, तेव्हा आईबापांची धास्ती खरी आहे. तिची टिंगल करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु या धास्तीआडून काय खपविले जात आहे?

बाळाच्या राखणीसाठी बसविलेले यंत्र दुसऱ्याच दिवसापासून मुकादमी करू लागते. आया किती वेळ टेकली, फोनवर कोणाशी बोलली, चहा कितीदा घेतला, याचा हिशेब कचेरीत बसून ठेवला जातो. गंमत अशी की, किमान वेतनाची वा साप्ताहिक सुटीची गोष्ट निघाली की हीच मंडळी म्हणतात, 'ती तर घरचीच, घर म्हणजे काय कारखाना आहे?' कॅमेरा बसविताना मात्र त्याच घराचा कारखाना होतो!

कायदाही याच ढोंगाला साथ देतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल ज्यांच्या याचिकेवर लागला, ते न्या. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेतून वगळला. मालकाचे ते घर; आयेची ती कामाची जागा, हे कायद्याच्या गावीही नाही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला. घरात राहणाऱ्या कामगाराचा खासगीपणा जपण्याचे बंधन त्यात आहे. भारताने बाजूने मत दिले, मान्यता मात्र दिली नाही. कर्नाटकाने २००४ साली घरकामगारांना किमान वेतन लागू केले खरे, पण बंद दाराआड ते मिळते की नाही, हे पाहायला कोणता कॅमेरा आहे?

आता त्या आईकडे पाहा. तीही पगारावर राबणारीच. २०१७ च्या प्रसूती-लाभ दुरुस्तीनुसार पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाण्याची मुभा हवी. हा हक्क मागितला तर कंपनीशी भांडण होते; त्यापेक्षा फोनच्या पडद्यावर बाळ पाहणे आणि आयेला दरडावणे सोपे! कंपनीचा खर्च वाचतो आणि दोन राबणाऱ्या बायका एकमेकींसमोर उभ्या राहतात. आयेचे स्वतःचे मूल त्या वेळी कोणाच्या भरवशावर असते, हे कोणी विचारीतही नाही.

तेव्हा पाळणाघराची मागणी कंपनीच्या दारात गेली पाहिजे. तोवर कॅमेरा ठेवायचाच असेल, तर तो आयेला आधी सांगून ठेवावा, तिच्या झोपण्या-कपडे बदलण्याच्या जागी मुळीच नसावा, आणि तिच्यावर आळ आला तर ते चित्रण तिलाही पाहावयास मिळावे.