काही नाही केलं, चिकोल्याच टाकल्या

अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत घरभेटीला गेलं आणि बोलता बोलता जेवणाची वेळ झाली, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "काई नाई केलं वं ताई आज, चिकोल्याच टाकल्या." म्हणणारी बाई जरा ओशाळलेली असते. पोळी-भाजी-वरण-भात झालेला नाही, आणि पाहुणी नेमकी आजच दारात. गेली काही वर्षं हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे, की त्यातल्या 'काही नाही' आणि 'च' या दोन गोष्टींवर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी आधी सांगते. चिकोल्या म्हणजे तुमच्याकडची वरणफळं. गुजराती शेजारीण असेल तर तिची दाळढोकळी ही याचीच बहीण. तुरीची डाळ हळद घालून मऊ शिजवायची आणि घोटायची. कणकेत मीठ, तिखट, हळद, ओवा, थोडं तेल घालून घट्ट भिजवायची, जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे करायचे. गंजात मोहरी, जिरं, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी, त्यात घोटलेलं वरण आणि नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी. आवडत असेल तर चिंच-गूळ. खळखळून उकळी फुटली की तुकडे एकेक करून सोडायचे. उकळीशिवाय सोडले तर एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो, घाई इथे चालत नाही. दहा-बारा मिनिटांत तुकडे फुगून शिजतात, वरण दाटतं. वरून सांबार (आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे) आणि असेल तर तूप. पोळपाट नसेल तर कणकेची गोळी अंगठ्याने दाबून चपटी करायची, तीही चालते. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक आणि बेसन मिसळून, बोटाने वळून केले तर ते शेंगोळे, पण त्यांना वेळ लागतो.

एकच भांडं, एकच वेळची फोडणी, लेकराला भरवता येईल आणि दात नसलेल्या सासूलाही चालेल असं अन्न. पऱ्हाटीतून कापूस वेचून आलेल्या बाईने दिवेलागणीला हे करावं यात नवल नाही. पीठ पाण्यात शिजवून पोट भरायची ही युक्ती फक्त आपली नाही. कोरियात १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर मदतीचं गव्हाचं पीठ आलं, तेव्हा हाताने तोडलेल्या कणकेची 'सुजेबी' तिथल्या गरीब घरांत रोजची झाली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, ती चिवट ज्वारी लेकरांच्या घशाखाली कशी उतरवायची हे काही कुठल्या सरकारी परिपत्रकात आलेलं नव्हतं. ते चुलीपुढे बसलेल्या बायकांनी शोधून काढलं.

आता 'झटपट' या शब्दाकडे येऊ. पाककृतींच्या पानांवर चिकोल्यांना 'झटपट पौष्टिक जेवण' म्हणतात. कुकर असेल, गॅस असेल, नळाला पाणी असेल, निवडलेली डाळ डब्यात असेल आणि कणीक दळून आलेली असेल, तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होतंही. पण दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागात जाऊन बघा. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा हा आमचा खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. या पाण्यात क्षार इतके असतात की डाळ लवकर शिजत नाही. तासभर उकळली तरी दाणा दाताखाली येतो. मग बाया खायचा सोडा टाकतात, नाहीतर डाळीपुरतं गोडं पाणी लांबून वेगळं आणतात. अशा घरातली बाई जेव्हा 'चिकोल्याच टाकल्या' म्हणते, तेव्हा त्या गंजात डोक्यावरून आणलेली एक घागर असते, वेचलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या असतात, जात्यावर नाही तरी गिरणीपर्यंतची पायपीट असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घराघरांत दिसू लागलं. पण ते पुन्हा भरायचं तर पैसे लागतात, म्हणून अनेक घरांत ते चहापुरतं आणि पाहुण्यांपुरतं. डाळीसारखं वेळखाऊ काम चुलीवरच. म्हणजे ज्या पदार्थाला आपण झटपट म्हणतो, त्यातला सगळ्यात लांबचा भाग चुलीवर आणि धुरात.

हा वेळ कुठेच मोजला जात नाही असं पूर्वी म्हणायची सोय होती. आता मोजला जातो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. लक्षात घ्या, यातली पुरुषांची ८८ मिनिटं ही फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची सरासरी आहे. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात २६ च होते. बाकीच्यांचा हिशेब शून्य. आणि हो, पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून टाळी वाजवावी, तर पुरुषांचीही नऊ झाली आहेत.

न्यायालयांनीही मोजायला सुरुवात केली आहे, पण कधी? बाई मेल्यावर. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली, आणि जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात घरकामाचं आर्थिक मोल मान्य करायलाच हवं असं पुन्हा ठणकावून सांगितलं. दोन्ही ठिकाणी प्रश्न नुकसानभरपाईचा होता, बाई गेलेली होती. निकाल चांगलेच आहेत, आपल्या मांडणीला त्यांचा आधार होतो. पण जिवंतपणी तिने केलेल्या जेवणाला 'काही नाही' म्हणायची वेळ तिच्यावर का यावी, हा प्रश्न कोर्टाच्या कक्षेबाहेरच राहतो. तो आपल्यालाच घ्यावा लागेल.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पाककृतीत कधीच लिहिलेली नसते. चिकोल्या थांबत नाहीत. पोळी गार झाली तरी पोळीच राहते, भाकरी दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करता येते. चिकोल्यांचं तसं नाही. गंज उतरवल्यावर अर्ध्या तासात कणकेचे तुकडे सगळं वरण पिऊन टाकतात आणि मागे उरतो तो एक घट्ट गार गोळा. आता आपल्या घरांत वाढण्याचा क्रम काय असतो? आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि सगळ्यांत शेवटी जिने केलं ती. म्हणजे पातळ, गरम, तुपाची धार असलेल्या चिकोल्या पहिल्या ताटात, आणि डावाने खरवडून काढावा लागणारा गोळा शेवटच्या ताटात. डाळीचं पाणी आधीच वर गेलेलं, खाली पीठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, त्याआधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. लोहाच्या गोळ्या वाटण्याचं काम मी केलं आहे, गोळ्या हव्यातच. पण त्या वाटताना 'शेवटी कोण जेवतं?' हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नसतो.

अकोला जिल्ह्यातल्या एका गावातली बाई सांगते. नाव लिहीत नाही. नवऱ्याने कर्जापायी आत्महत्या केली तेव्हा ती तिशीतही नव्हती, पदरात दोन लेकरं. शासनाची मदत एक लाख, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत, हे या भागातल्या सगळ्यांना पाठ झालेलं गणित. रोख रकमेवरून सासरी भांडण झालं, आणि वाड्याच्या मागच्या खोलीत तिने वेगळी चूल मांडली. वेगळं रेशन कार्ड हवं तर वेगळी चूल दाखवावी लागते. ते मागायला गेली तेव्हा एका कार्यालयात तिला सासऱ्याची संमती आणायला सांगितलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख ठरवलं आहे, हे त्या कार्यालयात आम्हाला कायद्याची प्रत पुढे ठेवून वाचून दाखवावं लागलं. तीन खेपा झाल्या. त्या दिवसांत तिच्याकडे एक गंज, एक तवा आणि शेजारणीचा पोळपाट एवढंच होतं. पहिल्या संध्याकाळी काय केलं विचारलं, तर म्हणाली, "चिकोल्या टाकल्या. दोघं लेकरं अन् मी, तिघंबी एकाच टायमाले जेवलो. गरम." तो शेवटचा शब्द तिने वेगळा उच्चारला. अकरा वर्षांच्या संसारात तिने तो पदार्थ किती वेळा केला असेल, आणि गरम तो तिच्या वाट्याला आला विधवा झाल्यावर!

तिची ही गोष्ट मला कुणाच्या दुःखाला चव आणण्यासाठी सांगायची नाही. चूल वेगळी झाली म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर आहे. महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे मकामने, २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात अशा बायकांची पाहणी केली, तेव्हा २०१२ नंतर नवरा गमावलेल्यांपैकी ४० टक्के जणींना कसत्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. आणि रेशनवर मिळतात गहू आणि तांदूळ. डाळ कायद्यात नाही. म्हणजे चिकोल्यांमधलं पीठ सरकार देतं, आणि वरण ज्याचं त्याने बघायचं. तूर तर आमच्याच वावरात, कपाशीच्या ओळींमध्ये होते. तिला निंदायला बाया, कापायला बाया, अकोल्याच्या डाळमिलींत निवडायलाही बाया. २०१५ च्या शेवटी हीच डाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली, तेव्हा पिकवणाऱ्या घरात वरण दिसेनासं झालं. पुढच्या मोसमात भरघोस पीक आलं, तर ५,०५० रुपये हमीभाव असताना व्यापारी त्याहून बरंच कमी देत होते, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांसमोर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. डाळ महाग झाली तरी बाईचं वरण पातळ, आणि स्वस्त झाली तरी. रेशनवर डाळ ही मागणी आपल्या निवेदनांत असते, पण बहुधा सातव्या-आठव्या क्रमांकावर. माझ्या मते ती वर यायला हवी.

काही मैत्रिणी म्हणतील, हिंसाचाराच्या केसेस पडून आहेत, जमिनीचे सातबारे अडकले आहेत, आणि ही चिकोल्या घेऊन बसली. बैठकीत एकीने तसं म्हटलंही. मला तिचं म्हणणं पटलं नाही. आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या तक्रारींत 'ताट फेकलं' हे वाक्य किती वेळा येतं, ते केस पेपर उघडून कुणीही बघावं. वरण पातळ झालं, पोळ्या केल्या नाहीत, नुसतंच एक भांडं पुढे ठेवलं, ही मारहाणीची कारणं म्हणून नोंदलेली असतात. 'काही नाही केलं' म्हणताना बाई ओशाळते, त्यात कधीकधी भीतीही असते. आमच्याच वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला. त्याला १४० वर्षं होऊन गेली, आणि एका गंजात जेवण केलं म्हणून अजून स्पष्टीकरण द्यावं लागतं.

उलट्या बाजूनेही सावध राहायला हवं. 'नोकरदार स्त्रीसाठी सोप्या पाककृती' हा सल्ला मला खटकतो. बाईचं काम कमी करायचं तर तिला लवकर होणारा पदार्थ शिकवा, हा कसला उपाय? काम तिचंच राहतं, फक्त तिने ते चटकन उरकायचं. चिकोल्या सोप्या आहेत ना? मग त्या पोरांना शिकवायला सगळ्यात योग्य. गोल लाटायची कटकट नाही, तुकडे वाकडे झाले तरी बिघडत नाही. किशोरवयीन मुलांच्या गटात आम्ही हे दोनदा केलं. पहिल्यांदा पोरांनी उकळी यायच्या आधीच तुकडे टाकले आणि खळ झाली. ती खळ त्यांनीच खाल्ली. दुसऱ्यांदा जमल्या. एका पोराच्या आईने नंतर विचारलं, "घरी करायले लावू काय याले?" लावा म्हटलं. आजी नाराज आहे असं कळतं.

आता आपल्या स्वतःच्या शिबिरांबद्दल. मी पाहिलेल्या बहुतेक शिबिरांत मांडवात गाणी, गटचर्चा, ठराव चालू असतात, आणि मांडवामागे गावातल्याच तीन-चार बाया पहाटेपासून शंभर जणींच्या पोळ्या लाटत असतात. त्यांना मजुरी मिळते, मिळायलाच हवी. पण श्रमविभागणीवरचं सत्र त्यांना ऐकू येतं ते कापडापलीकडून. येत्या ८ मार्चच्या तालुका शिबिरात एक जेवण तरी चिकोल्यांचं ठेवा, असं मी सुचवलं आहे. चाळीस जणींना चार किलो कणीक, दोन किलो तूरडाळ, अर्धा पाव लसूण, तेल, तिखट, सांबाराच्या दोन जुड्या आणि दोन मोठे गंज पुरतात. लाटायला सगळ्या, पाहुण्या वक्त्यांसह. पुरुष कार्यकर्ते चुलीपाशी, कारण पाणी उचलणं आणि ढवळणं हेच त्यात जड काम. खारपाणपट्ट्यातलं गाव असेल तर डाळीचं गोडं पाणी आदल्या दिवशी आणून ठेवायचं, आणि ते कोण आणणार हे आत्ताच ठरवायचं. गंज उतरला की सत्र जिथे असेल तिथे थांबवून सगळ्यांनी एकदम बसायचं, स्वयंपाकाच्या बायांसकट. मांडवातल्या भाषणासाठी चिकोल्या थांबणार नाहीत, हे वक्त्यांना आधीच कळवलेलं बरं.