हळदीची परीक्षा गोठ्यात व्हावी

म्हशीची कास दगडासारखी घट्ट झाली, धारेतून गुठळ्या पडू लागल्या, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गोठ्यात रोगाचे नाव विचारावे लागत नाही. दगडी. डॉक्टर येतात, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, सूज उतरते आणि पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांनी तोच सड पुन्हा सुजतो. मग आधीपेक्षा भारी ट्यूब.

या फेऱ्यामागचे एक मोठे कारण बायोफिल्म. दगडीच्या जंतूंतला एक चिवट गडी म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो कासेच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि शर्करा, प्रथिने, डीएनए यांचा बुळबुळीत थर स्वतःभोवती चढवतो. सकाळी जिभेला लागणारे दातांवरचे कीटण हाही बायोफिल्मच. थराच्या तळाशी अन्न कमी, प्राणवायू कमी. तिथले जंतू जवळजवळ निजलेले असतात. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीचे बांधकाम बिघडवते, पण जो जंतू भिंत बांधतच नाही, त्याचे ते काय बिघडवणार? औषध ओसरले की निजलेले उठतात. प्रयोगशाळेच्या चाचणीत जो जंतू औषधाने मरतो, तोच कासेत त्याच औषधाला दाद देत नाही.

हे संकट गोठ्यापुरते राहत नाही. ट्यूब दिल्यावर वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध संस्थेला घालायचे नसते. घातले तर औषधाचा अंश त्यात उतरतो, विरजणातले जंतू मरतात आणि दही नीट लागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र सगळा जात नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूर शहरात तर उकळीचाही प्रश्न येत नाही. शिवाय वारंवारच्या औषधाने जंतू त्याला सरावतात. अशा औषधाला न बधणाऱ्या जंतूंच्या संसर्गाने २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्याच वर्षी भारताने कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचे म्हणून राखलेले औषध दुभत्या जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण दगडीवर दुसरे काय, हे पशुपालकाला सांगणारे कोणी हवे ना?

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने एक उत्तर पुढे केले आहे: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. वाटून केलेला लालसर लेप दिवसातून अनेकदा कासेला लावायचा, पाच दिवस. सोबत जनावराला लिंबे खाऊ घालायची. स्वस्त, घरचा, आणि दूध ओतून देण्याची पाळी नाही. हळद म्हटल्यावर मराठी माणसाची छाती फुगते. शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जखमेवरच्या हळदीचे अमेरिकेतले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये रद्द करवले. पण ते पेटंट रद्द झाले ते हा उपयोग आपल्याला जुनाच ठाऊक होता म्हणून. हळदीने दगडी बरी होते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

इथे रसायनशास्त्र आडवे येते. हळदीतले कर्क्युमिन बायोफिल्म रोखते, असे सांगणारे शोधनिबंध ढिगाने आहेत, पण ते बहुतेक काचेच्या बशीतले. कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही, आणि त्याच्या रंगामुळे चाचण्याही फसतात. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तल्या एका आढाव्याने त्याच्या या गुणांची चांगलीच झाडाझडती घेतली. शिवाय हे द्रव्य अल्कधर्मी माध्यमात झपाट्याने मोडते, आणि चुना तर अल्कधर्मीच. म्हणजे निबंधातले औषध आणि गोठ्यातला लेप एकच आहेत, असे धरून चालता येत नाही. लेपाचा गुण येत असेल, तर तो कोरफडीचा, चुन्याचा, की वारंवार कास धुऊन पिळण्याचा?

बशीतून बाहेर पडणे सोपे नसतेच. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या डेलिसिया पुल्क्रा या तांबड्या शेवाळावर जंतूंचा थर बसत नाही, कारण त्यातली फ्युरॅनोन ही द्रव्ये जंतूंचे आपसातले रासायनिक निरोप बिघडवतात. जंतू न मारता त्यांची जमवाजमव मोडायची, ही सुंदर कल्पना १९९० च्या दशकातली. त्यावरून बनवलेली कृत्रिम द्रव्ये विषारीपणाशी अडली. पुण्यात डॉ. बाळू चोपडे यांच्या गटाने २०१४ मध्ये चित्रकाच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवून बायोफिल्मवर अजमावले. काम कौतुकाचे आहे. पण चित्रक कातडी भाजणारी वनस्पती, आणि चांदीचे कण दुधात उतरले तर काय, हे प्रश्न बशीला पडत नाहीत.

लेपाची परीक्षा घ्यायला कोल्हापूरइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. ‘गोकुळ’ दूध संघ १९६३ पासून गावोगावचे दूध गोळा करतो, शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. काही जनावरांना लेप, काहींना ट्यूब, काहींना दोन्ही; आधी आणि महिन्याभरानंतर दुधातले जंतू आणि कास सुजली की दुधात वाढणाऱ्या पेशी मोजायच्या. युरोपात गाईच्या कच्च्या दुधात मिलिलिटरमागे ४ लाखांपेक्षा जास्त पेशी चालत नाहीत. आपल्याकडे दर फॅट आणि एसएनएफवर (स्निग्धेतर घनपदार्थांवर) ठरतो, पेशी कोण मोजतो? अशा चाचणीचा खर्च दूध संघांनी उचलावा. कासेच्या आरोग्यावर त्यांचाच धंदा उभा आहे.

आणि लेप निरुपयोगी ठरला, तर तेही सभासदांना तितक्याच ठळकपणे कळवावे. दिवसभर कास धुऊन लेप लावण्याचे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते, आणि चुकीच्या उपचारात पाच दिवस गेले तर सड कायमचा निकामी होऊ शकतो.