किल्ल्याभोवतीची आगगाडी



यंदा मंडळाच्या मुलांनी ठरवलं आहे की हॉलमधल्या दिवाळीच्या किल्ल्याभोवती आगगाडी फिरवायची. महाराजांच्या काळात आगगाडी नव्हती, ही हरकत एका आजींनी घेतली खरी, पण मतदानात ती टिकली नाही. रूळ दोघांकडून आले, इंजिनं तिघांकडून. आणि मग माझा फोन वाजू लागला: "सर, ट्रान्सफॉर्मर कुठला घ्यायचा?" चाळीस वर्षं विद्युतशास्त्र शिकवलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे कीर्तनकाराला अभंग म्हणायला सांगणं. तेव्हा या वर्षीचं सदर त्यावरच.

विषय खेळण्याचा असला तरी हलका नाही. किल्ला ओल्या मातीचा, वर हळीव पेरलेलं, दिवसातून दोनदा पाणी शिंपडणार, आणि आजूबाजूला सहा-सात वर्षांची मुलं उकिडवी बसलेली. त्याच ठिकाणी आपण भिंतीतली २३० व्होल्टची वीज आणणार आहोत. मुलांच्या हातात २३० पोचू न देता १२ पोचवणारी ती एकच काळी डबी. ती निवडताना चार पौंड वाचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात सरकारी पाट्यांवर ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र' म्हणतात. शब्द मला आवडतो, पण इल्फर्डमध्ये म्हटला तर माणसं रोहितला हाक मारली असं समजतात. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी, एकात २३० व्होल्ट घातले की दुसऱ्यातून वेढ्यांच्या प्रमाणात कमी मिळतात. दोन्ही वेटोळ्यांत धातूचा संबंध नाही, मधे फक्त चुंबकत्व. मुलांचं रक्षण करते ती ही फारकत.

हे काम फक्त एसीवर चालतं, डीसीवर नाही. आपल्या स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्यांचा इतिहासही हेच सांगतो. लिव्हरपूल स्ट्रीट ते शेनफिल्ड हा मार्ग १९४९ साली विजेवर आला तेव्हा तारेत १५०० व्होल्ट डीसी होते. मुंबईतही तेच: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. इथे १९६० साली एसी आला, मुंबईत हार्बर मार्गावरून डीसी जायला २०१६ उजाडलं. कारण दोन्हीकडे सारखंच. व्होल्ट वाढवले की तेवढ्याच कामाला अँपिअर कमी लागतात, तार बारीक चालते आणि वाटेत वीज कमी वाया जाते; आणि व्होल्ट चढवणं-उतरवणं ट्रान्सफॉर्मरला एसीतच सोपं. आपली खेळण्यातली गाडी मात्र अजून डीसीवरच आहे. इथली ओओ गेजची गाडी, १६.५ मिलिमीटरच्या रुळावरची, १२ व्होल्ट डीसी मागते. व्होल्ट कमी-जास्त केले की वेग बदलतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी उलटी जाते.

आता डबीच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावून वाचा, मीही तसंच वाचतो. 'आउटपुट'पुढे व्होल्टशेजारी नागमोडी रेघ असेल तर एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. एकात एक चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. खेळण्याला चोवीस व्होल्टच्या वर वीज द्यायची नाही, असा दंडक आहे. म्हणून १९ व्होल्टचा लॅपटॉपचा जुना अडॅप्टर चोविसाच्या आत बसतो, पण १२ व्होल्टच्या इंजिनाला तो थेट जोडायचा नाही.

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न अँपिअरचा. "पाच अँपिअरचा घेतला तर इंजिन जळेल का?" नाही. व्होल्ट डबी ठरवते, अँपिअर इंजिन ठरवतं. त्याला लागेल तेवढाच प्रवाह ते ओढतं. हल्लीचं इंजिन पाव ते अर्धा अँपिअर घेतं, जुनं एकापर्यंत जातं. मागच्या आठ डब्यांत जुन्या पद्धतीचा एकेक छोटा बल्ब असेल तर प्रत्येकी ५० मिलिअँपिअर धरून आणखी ०.४. म्हणजे एका गाडीला दीड अँपिअर पुष्कळ.

मग पाचचा घ्यायला हरकत काय? हरकत गाडी रुळावरून घसरल्यावर कळते, आणि मुलांच्या हातात ती घसरणारच. लोखंडी चाक दोन्ही रुळांना टेकलं की शॉर्ट. आता डबी तिच्या कुवतीएवढा सगळा प्रवाह त्या एका बिंदूत ओतणार. बारा गुणिले पाच, साठ वॅट. सोल्डरिंगची साधी कावीळ पंचवीस वॅटची असते, असं म्हणताना मी 'सोल्डरिंग आयर्न' म्हणायला हवं, पण आमच्या वर्कशॉपचा मिस्त्री तिला कावीळच म्हणायचा आणि जीभ तीच लागली. तर दोन आयर्नची उष्णता प्लॅस्टिकच्या डब्याखाली. "प्लगमध्ये फ्यूज आहे ना?" आहे, पण तो दोर वाचवायला असतो, खेळणं वाचवायला नाही. साठ वॅटसाठी २३० व्होल्टच्या बाजूला जेमतेम पाव अँपिअर वाहतो. तीन अँपिअरच्या फ्यूजला त्याची जाणीवही होत नाही, तेराच्या फ्यूजचं नावच नको. (कंट्रोलरच्या प्लगमध्ये तीनचाच घाला.) म्हणून गाडीसाठीच बनवलेला कंट्रोलर घ्या, ज्यात शॉर्ट झाल्यावर स्वतःहून बंद होण्याची सोय असते. बाजारातला कुठलाही अडॅप्टर आणून रुळाला जोडू नका.

लॉफ्टमधून निघालेल्या जुन्या कंट्रोलरबद्दल. हॅमंट अँड मॉर्गन कंपनीचा 'ड्यूएट' आपल्यापैकी दोघांकडे आहे. यंत्र दणकट, माझं आवडतं. पण दोर पाहा. आतल्या तारा तपकिरी-निळ्या नसून लाल-काळ्या असतील तर तो दोर पन्नास वर्षांहून जुना, त्याचं रबर बोटाने दाबलं की तडकतं. असा कंट्रोलर जाणकाराने तपासून, दोर बदलून मगच वापरावा. शोभेला कपाटात ठेवला तर प्रश्नच नाही.

आता मुख्य गोष्ट. इथे थोडं थांबून वाचा.

एका डबीने भागत नाही म्हटल्यावर पुष्कळ लोक १६ व्होल्ट एसीच्या दोन डब्या घेतात आणि दोन्हींच्या तारा एकत्र पिळतात. ट्रान्सफॉर्मरला मात्र सरळ-उलट कळत नाही. २३० चे १६ करणारी डबी १६ घातल्यावर पुन्हा २३० च्या आसपास करते. समजा, एक प्लग सॉकेटमध्ये आहे आणि दुसरा एखाद्या मुलाने उपटून हातात घेतला. पहिल्या डबीतले १६ व्होल्ट दुसरीत मागच्या दाराने शिरतात आणि मुलाच्या हातातल्या प्लगच्या उघड्या पिनांवर दोनशेहून जास्त व्होल्ट उभे राहतात. प्लग तर भिंतीत नाही, म्हणून कुणालाच शंका येत नाही. आणि आरसीडी? तीही गप्प बसते, कारण ती जमिनीकडे गळणारा प्रवाह पाहते आणि ही वीज दोन फारकती ओलांडून आल्यामुळे जमिनीशी तिचं नातंच उरलेलं नाही. सोळा व्होल्ट-अँपिअरची छोटी डबीसुद्धा २३० व्होल्टला सत्तर मिलिअँपिअर देऊ शकते. आरसीडी तीस मिलिअँपिअरला तुटते ती उगाच नाही.

तेव्हा डब्यांचे आउटपुट एकमेकांना कधीही जोडायचे नाहीत. एक डबी गाडीला, दुसरी सांधे बदलणाऱ्या मोटरना, तिसरी दिव्यांना. प्रत्येकीचा संसार वेगळा. शिवाय सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणि त्याला एकच बटण, म्हणजे बंद करताना सगळं एकदम बंद. दुसरी गाडी हवी असेल तर दुसरा वर्तुळाकार रूळ आणि दुसरा स्वतंत्र कंट्रोलर. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहता येतं. पुढच्या भारतवारीत नातवंडांना जरूर न्या. एकाच मांडणीवर इतक्या गाड्या एकमेकींना न धडकता कशा फिरतात ते पाहाल, तेव्हा मोठ्यांचेच डोळे जास्त मोठे होतील.

डिजिटल पद्धतीबद्दल, म्हणजे डीसीसीबद्दल, तरुण मंडळी विचारत होती. तिच्यात रुळावर कायम पूर्ण व्होल्ट असतात आणि प्रत्येक इंजिनातली चिप आपल्यापुरता हुकूम ऐकते. छान आहे, पण चार दिवसांच्या मातीच्या किल्ल्याला नको. आणि साधा कंट्रोलर व डिजिटल कंट्रोलर एकाच रुळावर कधीही नको.

नातेवाइकांच्या भेटींचंही सांगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली डबी इथे चालते, दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच; फक्त गोल पिनांचा प्लग कापून इथला फ्यूजवाला बसवून घ्या. न्यू जर्सीहून आलेल्या सेटची डबी मात्र १२० व्होल्टची. ती इथल्या भिंतीत घातली तर गरम होऊन जळेल. तिकडची एचओ गाडी आणि रूळ आपल्याच मापाच्या, १२ व्होल्टच्याच. गाडी ठेवा, डबी बाजूला काढा. तीन रुळांची मोठी लायोनेल गाडी असेल तर ती एसीवर चालते, तिची गोष्ट वेगळी.

किल्ल्यावरच्या पणत्यांसाठी एलईडी वापरणार असाल तर १२ व्होल्ट डीसीवर प्रत्येकीला एक किलोओहमचा रेझिस्टर. नऊ-दहा मिलिअँपिअर जातात, डोळ्यांना पुरे.

मांडणी अशी: २३० व्होल्टचं काहीही किल्ल्याच्या चौथऱ्यावर नको. डब्या आणि बोर्ड मागच्या भिंतीशी, टेबलावर, पाण्यापासून हात-दोन हात दूर. मातीकडे फक्त बारा व्होल्टच्या तारा जातील. कारंज्याचा पंपही बारा व्होल्टचाच आणि वेगळ्या डबीवर. गाडी किल्ल्याच्या मागच्या बाजूला मंदावली तर व्होल्ट वाढवू नका. रुळांचे जोड वीज खातात, तिथे तारांची आणखी एक जोडी जोडा. आणि रूळ रोज कोरड्या फडक्याने पुसा, कारण हळिवाचं पाणी त्यांच्यावर उडणारच आहे.

वसुबारसेच्या आदल्या शनिवारी मी मीटर घेऊन हॉलवर बसेन. ज्यांच्याकडे डब्या आहेत त्यांनी आणाव्यात, दोरासकट आणि प्लगसकट.