ॲप बांधीपर्यंत पोचवायचे कसे?

15 ऑगस्ट 2021 ला महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि गोंदियाच्या धान उत्पादकाला सातबाऱ्याइतकाच मोबाईलही सांभाळावा लागला. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, तो ॲपमधून पाठवायचा. ही नोंद राहून गेली तर हमीभावाने धान विकताना अडचण येते.

पण हे ॲप फोनमध्ये येण्याची मुख्य वाट एकच, प्ले स्टोअर. त्यासाठी गूगल खाते हवे, डेटा हवा, फोनमध्ये जागा हवी, अँड्रॉइडही फार जुने चालत नाही. नवी आवृत्ती आली की सगळे पुन्हा. गोंदिया शहरातल्या महाविद्यालयीन मुलाला यात काहीच अवघड नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात मुलाचा जुना फोन वापरणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ॲप कोणीतरी टाकून द्यावे लागते. सरळ वाट बंद दिसली की माणूस व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडतो. सरकारी योजनांच्या नावाने फिरणाऱ्या अशाच बनावट फाइलींनी देशात अनेकांची बँक खाती रिकामी केली आहेत. दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे, पण खात्रीची दुसरी वाट त्याला कोणी दिलीच नव्हती.

ॲप नुसते देऊन भागत नाही, हा धडा अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्येच दिला होता. त्यांच्या नोंदींचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत, हातातला सरकारी फोन अवघ्या दोन जीबी रॅमचा आणि वारंवार बिघडणारा. राज्यभर सेविकांनी ते फोन परत केले.

केरळने शाळांसाठी वेगळा विचार केला. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने लिनक्सवर आधारलेली प्रणाली अभ्यासक्रमाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरसह एकत्र बांधून दिली. शिक्षकाला एकेक गोष्ट शोधून उतरवावी लागत नाही.

ई-पीक पाहणीसाठी आता गावपातळीवर सहायक आहेत, ही चांगली सुरुवात आहे. राहिलेल्या नोंदी भरण्यापुरतेच त्यांचे काम ठेवू नये. सहायकाकडे आणि आपले सरकार सेवा केंद्रात ॲपची अधिकृत फाइल असावी, ती इंटरनेटशिवाय फोनमध्ये टाकून मिळावी, आणि ज्याचा फोन झेपत नाही त्याची नोंद सहायकाच्या फोनवरून विनासायास व्हावी. सहायकाला या कामाचा मोबदलाही वेळेवर मिळायला हवा. जुन्या फोनवर चालणारी हलकी आवृत्ती महसूल विभागाने रोवणीआधी द्यावी. खरिपाची नोंदणी सुरू झाल्यावर दिली तर तिचा उपयोग पुढच्या हंगामालाच.