दोष झाडांचा नव्हे

संपादक महोदय,

कोलकात्यात तुंबणाऱ्या पाण्यावरचा आपल्या गेल्या अंकातला लेख वाचला. झाडे-गवत लावणे ही हौस, खरा उपाय काँक्रीटच, असा त्याचा सूर आहे.

अम्फान वादळात (२० मे २०२०) हजारो झाडे कोसळली, हा लेखकाचा पुरावा. पडलेल्यांत उथळ मुळांचे गुलमोहर ठळक होते, हे त्यांनी गाळले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्यातून पदपथाच्या फरश्यांनी बुंधा आवळलेला. त्याचे खापर देशी झाडांवर का?

पाणी हुगळीत सोडा म्हणे! शहराचा उतार नदीकडे नाही, पूर्वेकडे आहे. तिकडच्या साडेबारा हजार हेक्टरांच्या पाणथळी २००२ पासून रामसर यादीत आहेत. त्यांत भराव पडत असताना गटारे रुंद करून पाणी जाणार कुठे?

राहिला शहरातल्या खालांचा (कालव्यांचा) काठ. तिथे वाळा लावावा, आपण माठात टाकतो तोच. त्याची मुळे सरळ दोन-तीन मीटर खाली जातात. समपातळीवर दाट ओळ लावली की वाहते पाणी तिथे अडखळते, गाळ मागेच बसतो आणि गवत त्या गाळातूनही वर येते. नदिया जिल्ह्यात नदीकाठी हे करून पाहिले आहे. मालदा-मुर्शिदाबादेत गंगा तळापासून काठ पोखरते, तिथे दगड लागतील, हे मान्य. पण शहरातल्या खालांचे काठ म्हणजे गंगा नव्हे.

महापालिकेने काँक्रीटच्या निविदा काढण्यापूर्वी एका खालाच्या काठी वाळा लावून दोन पावसाळे पाहावेत.

– एक वाचक, कोलकाता